खराटा, बर्फ आणि कानात सांगायचा शब्द

नाही हो, केसांचं कर्लिंग नाही! पार्लरला लावायला घेतलेला फोन आधी खाली ठेवा. आपण बोलतोय ते स्कॉटलंडच्या कर्लिंगबद्दल. हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी चॅनेल बदलता बदलता तुम्ही ते नक्की पाहिलेलं असणार. एक जण बर्फावर गुडघा टेकवून हँडल लावलेला भलामोठा दगड सोडतो, आणि दोघं जण त्याच्या पुढे पुढे जिवाच्या आकांताने बर्फ झाडत सुटतात. लांबून कुणीतरी घसा फाडून ओरडत असतं. आपण दोन मिनिटं टक लावून बघतो, ‘हे काय भलतंच?’ म्हणतो आणि क्रिकेटकडे परत जातो.

फंडा तसा सोपा आहे. बर्फावरचा कॅरम समजा ना! सुमारे ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी, पलीकडच्या टोकाला १२ फूट व्यासाचं वर्तुळ. दोन टीम, प्रत्येकीत चार जण, प्रत्येकाचे दोन दगड. ज्याचा दगड वर्तुळाच्या मध्याशी जास्त जवळ, त्याला गुण. समोरच्याचा दगड उडवायचा, आपल्याच्या पुढे आडोसा लावायचा, वळण देऊन मागून घुसायचं... सगळं कॅरमवाल्याला लगेच कळणारं. फरक इतकाच, की ही सोंगटी जवळजवळ २० किलोंची असते आणि तिच्यासमोरचा बर्फ झाडून तिला थोडं पुढे नेता येतं. म्हणून तो खराटा. घरी केर काढायला सांगितलं की ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांनी स्कॉटलंडची ही मंडळी जरूर बघावी.

पण हा लेख खेळावर नाहीये. स्कॉटलंडमध्ये खेळ हा कर्लिंगचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा खेळ संपल्यावर, बूट काढल्यावर, बंद दरवाजाआड होतो. तिथे नव्या सभासदाला ‘कर्लर’ बनवतात. हो, बनवतात! तिथल्या बोलीत नुसता खेळता येणारा माणूस वेगळा आणि ‘मेड कर्लर’ वेगळा. आधी ‘कोर्टा’समोर उभं राहावं लागतं, मग गुपित शब्द मिळतो, आणि हात मिळवायची गुपित पद्धतही. अगदी हॅरी पॉटर स्टाइल. फक्त हॅरी पॉटरच्या किमान दोनशे वर्षं आधीपासून.

बोटभर बर्फ, वर्षभर वाट

हे सगळं कुठून आलं ते कळायचं तर एडिंबराला जायला हवं. रॉयल माइलवर बॅगपाइप ऐकून झालं, किल्ला बघून झाला, चेकच्या लोकरी शाली घेऊन झाल्या, की टूरवाल्यांची गर्दी सोडा आणि आर्थर्स सीट नावाच्या टेकडीच्या मागच्या अंगाला वळा. चालत पाऊण-एक तास. टेकडी उतरली की डडिंग्स्टन हे चिमुकलं गाव लागतं. एक जुनं चर्च, दोन-चार गल्ल्या, शीप हाइड इन नावाचा एक फेमस पब, आणि एक शांत तळं. राजधानीच्या पोटात हे असं खेडं लपलंय यावर विश्वास बसत नाही.

स्कॉटलंडचं एक प्रसिद्ध चित्र आहे. काळ्या कपड्यांतला एक पाद्री, हाताची घडी, चेहऱ्यावर प्रवचनाला निघाल्यासारखा भाव, आणि पायात स्केट्स! हेन्री रेबर्नच्या नावावर असलेल्या त्या चित्रातलं तळं हेच. आणि याच तळ्यावर १७९५ मध्ये डडिंग्स्टन कर्लिंग सोसायटी सुरू झाली. एडिंबराचे वकील, पाद्री, जमीनदार, सगळी बडी मंडळी तिची सभासद. त्यांचं लॅटिनमधलं बोधवाक्यही भारी होतं. अर्थ साधारण असा, की स्कॉट्स असे खेळतात, इतरांच्या नशिबी एवढं सुख नाही. नम्रता वगैरे भानगडच नाही! १८०४ मध्ये त्यांनी खेळाचे नियम लिहून काढले आणि पुढे देशभर जे नियम रूढ झाले त्यांचा पाया हाच.

तळ्याच्या काठावर अष्टकोनी आकाराचा एक छोटासा दगडी मनोरा अजून उभा आहे. १८२५ मध्ये आर्किटेक्ट विल्यम प्लेफेअरने तो सोसायटीसाठी बांधला. खाली कर्लिंगचे दगड ठेवायचे. वरच्या खोलीत गावचा पाद्री जॉन थॉमसन चित्रं काढायचा. असं सांगतात, की त्याने आपल्या या स्टुडिओचं नावच ‘एडिंबरा’ ठेवलं होतं. म्हणजे नको असलेला पाहुणा दारात आला, की घरच्यांनी खुशाल सांगावं, साहेब एडिंबराला गेलेत! वर्क फ्रॉम होमच्या जमान्यात हा माणूस मॅनेजरांची झोप उडवणारा ठरला असता.

तर मुद्दा तळ्याचा. आज तिथे हंस, बदकं, गवत आणि पक्षी बघायला आलेले लोक. बर्फ? एखाद्या हिवाळ्यात कडेकडेने जमतो, माणसाचं वजन पेलेल असा क्वचितच. आणि खरं सांगायचं तर पूर्वीही तो भरवशाचा नव्हताच. स्कॉटलंड म्हणजे काही सायबेरिया नव्हे. समुद्राच्या उबेत बसलेला देश. थंडी पडते, पण तळं घट्ट गोठायला सलग काही रात्री कडाक्याचा गारठा लागतो. तो कधी डिसेंबरात यायचा, कधी फेब्रुवारीत, कधी आख्ख्या सीझनमध्ये येतच नसे. आल्यावरही तीन दिवसांत पाऊस पडून सगळ्याचा चिखल. म्हणून बर्फ धरलाय अशी बातमी आली, की शेतकरी नांगर टाकून, वकील कागद टाकून, पाद्री प्रवचनाची वही मिटून तळ्याकडे पळायचे.

आता विचार करा, ज्या खेळाचा दिवस वर्षातून पाच-सहा वेळा उगवतो, तो क्लब टिकवायचा कसा? वर्गणी कशाची मागायची? लोकांना एकत्र ठेवायचं कशाने? उत्तर एकच. जेवणाने! वर्षातून एकदा सगळ्यांनी टेबलाभोवती जमायचं. खारवलेलं बीफ आणि केल नावाची हिरवी पालेभाजी, ज्याला ते ‘बीफ अँड ग्रीन्स’ म्हणतात, हा कर्लरचा ठरलेला मेन्यू. सोबत गरम पाणी आणि साखर घातलेली व्हिस्की, म्हणजे टॉडी. मग गाणी, भाषणं, जुन्या मॅचचे पोस्टमॉर्टेम, आणि ‘जॉन फ्रॉस्ट’ महाराजांच्या नावाने पेला. आपल्याकडे पावसाला साकडं घालतात, तिथे गारठ्याला. खेळ दिवसाचा, पण क्लब वर्षभराचा व्हायचा तो या टेबलावर.

माय लॉर्ड, गुन्हा कबूल!

आणि याच जेवणाला जोडून भरायचं, आजही भरतं, ते कर्लर्स कोर्ट.

नावावरून वाटतं तसंच हे कोर्ट आहे, फक्त सगळं खोटं. अध्यक्ष असतो त्याला ‘माय लॉर्ड’ म्हणायचं. त्याच्या हाताखाली एक ऑफिसर. त्याचं काम सभेत शिस्त ठेवण्याचं, म्हणजे खरं तर गुन्हे शोधून काढण्याचं. परवानगीशिवाय बोललात, भलत्या वेळी हसलात, माय लॉर्डला नीट मान दिला नाहीत, झाला दंड! दंडाची रक्कम किरकोळ, पण ती वसूल करण्याचा थाट सुप्रीम कोर्टाचा. आणि बचाव करायला उभे राहिलात की आणखी एक दंड. ज्याने आयुष्यात एक दिवस तरी बॉसच्या मीटिंगमध्ये हसू दाबलंय, त्याला हे दडपण चांगलं कळेल.

मग नवशिक्यांना आणतात. ज्यांना अजून ‘बनवलेलं’ नाही ते. त्यांची परीक्षा होते, फजिती होते, खेळाचे धडे मुद्दाम गंभीर चेहऱ्याने दिले जातात, आणि गुपित राखण्याचं वचन घेतलं जातं. शेवटी मिळतो तो कर्लरचा शब्द आणि कर्लरची पकड. शब्द म्हणजे एक छोटं सूत्र. पकड म्हणजे एकमेकांचा हात धरायची ठराविक पद्धत. आत नेमकं काय काय होतं ते बाहेर सांगायचं नाही, ही पहिली अट. क्लबागणिक तपशील बदलतात आणि मंडळी ते तोंडातून काढत नाहीत. जुन्या पुस्तकांत आणि क्लबांच्या कागदपत्रांत बरंचसं छापलंय म्हणा, पण मी ते इथे फोडणार नाही. उगाच कुणाच्या पार्टीचा विचका कशाला? तुम्ही पुढेमागे त्या दारात उभे राहाल, तेव्हा मला शिव्या द्याल.

ही टूम नवी नाही. डमफ्रीजशायरमध्ये सँकर नावाचं गाव आहे. १७१२ मध्ये सुरू झालेल्या पोस्ट ऑफिससाठी ते प्रसिद्ध. पत्र टाकायचं निमित्त करून पर्यटक तिथे जातात. तिथली कर्लिंग सोसायटी १७७४ ची. तिच्या जुन्या नोंदींत कर्लरचा शब्द आणि पकड दोन्ही आहेत. त्याच्याही आधी, १७३९ मध्ये, पर्थशायरमधल्या मुथिल गावच्या कर्लर्सनी नियम लिहून ठेवलेत. खेळताना पैजा लावायच्या नाहीत, शिव्या द्यायच्या नाहीत, दिल्या तर दंड. यावरून काय सिद्ध होतं? पैजा आणि शिव्या दोन्ही भरपूर चालायच्या! ज्या गोष्टी होत नाहीत त्यांच्यावर कुणी दंड लावत नाही.

त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये गुपित शब्दांचं पीकच आलं होतं. फ्रीमेसन्सचे लॉज गावोगाव होते. कवी रॉबर्ट बर्न्स स्वतः १७८१ मध्ये टारबोल्टनच्या लॉजमध्ये मेसन झाला. ईशान्येकडच्या शेतमजुरांमध्ये ‘हॉर्समन्स वर्ड’ नावाची घोडेवाल्यांची गुप्त संघटना होती. रात्री धान्याच्या कोठारात दीक्षा आणि अंधारात सैतानाशी हात मिळवायचा! म्हणजे हातात यायचा तो जनावराचा खूर. ज्याला शब्द मिळाला त्याच्या मुठीत कुठलाही घोडा, अशी समजूत. कर्लर्सनी या सगळ्यातून हवं ते उचललं, त्यातली भीती काढून टाकली आणि थट्टा भरली असं मला वाटतं. धंद्याची गुपितं राखायला मेसनांना शब्द लागायचा. कर्लरला लपवायला होतं काय? दगड बर्फावरून ढकलायचा, एवढंच ना! म्हणून ते कोर्ट पहिल्यापासून नाटक आहे आणि नाटक आहे हे आतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मग त्याचा उपयोग काय? थोडं थांबून बघितलं तर आहे. एकाच टीममध्ये गावचा जमीनदार आणि त्याचाच कूळ, पाद्री आणि लोहार असे खेळायचे. टीमचा कॅप्टन म्हणजे ‘स्किप’ जे सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं. स्किप विणकर असला तर जमीनदाराने त्याच्या ओरडण्यावर बर्फ झाडायचा. बर्फावर हे जमायचं कारण खेळात दुसरा इलाजच नाही. पण बर्फ वितळल्यावर काय? कोर्टात तोच उलटापालट टेबलावर चालू राहायचा. माय लॉर्डच्या खुर्चीत बसलेला माणूस दिवसा कोण आहे याला अर्थ नाही, दंड सगळ्यांना सारखा, आणि ‘बनताना’ प्रत्येकाची फजिती एकदा झालेली. समोरच्याला मी गुडघ्यावर बघितलंय आणि त्यानेही मला. यातून जी ओळख होते ती कॉन्फरन्स रूममधल्या ‘आइसब्रेकर’मधून होत नाही, एवढं तरी मी सांगू शकतो. आणि तिथे तर बर्फ खराच होता!

अर्थात फार हुरळून जाऊ नका. डडिंग्स्टनसारख्या ठिकाणी सभासद व्हायला खिसा आणि ओळख दोन्ही लागायची. बर्फावर सगळे समान, पण बर्फापर्यंत पोचलेले आधीच निवडलेले. बायका तर दाराबाहेरच. पहिला मान्यताप्राप्त महिला क्लब ‘हर्क्युलिस लेडीज’ उभा राहायला १८९५ साल उजाडलं. गंमत म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत या खेळाला जगाच्या टीव्हीवर नेलं ते बायकांनीच. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत ऱ्होना मार्टिनच्या टीमने शेवटच्या दगडावर गोल्ड जिंकलं, तेव्हा अख्खं ब्रिटन मध्यरात्री जागं राहून बर्फ झाडणाऱ्या चार बायकांकडे बघत होतं. २०२२ मध्ये बीजिंगला ईव्ह म्युअरहेडच्या टीमने परत गोल्ड आणलं.

आणि हे रॅगिंग नाही का? प्रश्न बरोबर आहे. बंद दार, दारू, नवा माणूस, जुन्यांची टोळी... कॉलेजच्या हॉस्टेलवर काही वर्षं काढलेल्या कुणालाही हा प्रश्न पडणारच. माझं मत विचाराल तर फरक दोन ठिकाणी आहे. कोर्टात जुन्यांनाही दंड होतो, ऑफिसरच्या तडाख्यातून कुणी सुटत नाही. आणि ज्याची थट्टा होते तो त्याच रात्री आतला होतो, वर्षभर लटकत राहत नाही. पण हे सगळं माय लॉर्डच्या तारतम्यावर अवलंबून असतं हेही खरं. तारतम्य सुटलेला एक माणूस खुर्चीत बसला, की नाटक संपतं.

राणीचा दगड, सभेचा उन्हाळा

हे विखुरलेले क्लब एकत्र आले ते २५ जुलै १८३८ ला, एडिंबराच्या वॉटर्लू हॉटेलात. जुलैत! बर्फाचा खेळ खेळणाऱ्यांची ऐतिहासिक सभा भर उन्हाळ्यात. यावरून तुम्हाला कळलं असेल, की त्यांना बर्फाची नाही, टेबलाची सवय होती. पहिला अध्यक्ष झाला लार्ग्सचा जॉन केअर्नी. हा बाबा इतका खेळवेडा, की त्याने निसर्गाची वाट बघायचंच सोडलं. घराच्या आवारात उथळ तळं बांधून वर पाण्याचा पातळ थर सोडला. पातळ थर म्हणजे एका रात्रीच्या थंडीतही गोठणार. घराचं नाव काय? ‘कर्लिंग हॉल’!

१८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया पर्थजवळच्या स्कून पॅलेसमध्ये मुक्कामाला आली. तिला कर्लिंग दाखवायचं होतं, पण महिना सप्टेंबर. मग काय, पॅलेसच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवरच दगड सरकवून दाखवले. राणीनेही एकदा प्रयत्न केला म्हणे. पुढच्याच वर्षी क्लबच्या नावाला ‘रॉयल’ लागलं. तोच आजचा रॉयल कॅलेडोनियन कर्लिंग क्लब, सध्या ‘स्कॉटिश कर्लिंग’ नावाने ओळखला जाणारा.

या क्लबने सुरू केलेला सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे ग्रँड मॅच. देशाचा उत्तर भाग विरुद्ध दक्षिण भाग, शेकडो टीम एकाच तळ्यावर. पहिली १८४७ मध्ये पेनिकुकला. पुढे कार्सब्रेकला त्यासाठी खास तळं केलं, आणि त्या तळ्याला चक्क स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं! ग्रँड मॅच असेल त्या दिवशीच तिथे गाडी थांबायची. विचार करा, प्लॅटफॉर्मवर खराटे घेतलेले हजारो लोक... आपल्या लोकलच्या गर्दीलाही लाजवणारं दृश्य असणार.

आणि आता दुसरी बाजू. विसाव्या शतकात १९३५ नंतर ही मॅच उघड्या बर्फावर फक्त तीनदा झाली. १९५९ आणि १९६३ मध्ये लॉख लेव्हनवर आणि शेवटची ७ फेब्रुवारी १९७९ ला लेक ऑफ मेंटीथवर. दोन हजारांहून जास्त खेळाडू आले होते. त्यानंतर आजतागायत नाही. २०१० च्या जानेवारीत तळं परत गोठलं, सगळा देश उत्साहात, आणि सुरक्षिततेच्या कारणावरून मॅच रद्द झाली. लोक मात्र आपापले दगड घेऊन तळ्यावर गेलेच. ज्या माणसाने तीस वर्षं गॅरेजमध्ये आजोबांचा दगड जपलाय, त्याला तुम्ही सर्क्युलर काढून कसं थांबवणार?

बर्फ भरपूर, वेळ नाही

आज कर्लिंग हॉलमध्ये खेळतात. ग्लासगोचं क्रॉसमायलूफ आइस रिंक १९०७ मध्ये उघडलं, पिढ्यान्पिढ्या तिथे खेळल्या, आणि १९८६ मध्ये ते बंद झालं. मशीनने गोठवलेला, वर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून खडबडीत केलेला बर्फ सप्टेंबरपासून मार्चपर्यंत हवा तेव्हा मिळतो. थंडीची वाट नको, जॉन फ्रॉस्टची मनधरणी नको.

आणि नेमकी इथेच मेख आहे. पूर्वी बर्फ नव्हता, वेळ होता. आता बर्फ आहे, वेळ नाही. संध्याकाळी ऑफिसातून सुटून स्लॉट गाठायचा, दोन तास खेळायचं, गाडी काढायची, घर. पूर्वी खेळानंतर बार हा खेळाचाच भाग होता. प्रथा अशी, की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला राउंड पाजायचा. समोरासमोर बसायचं, एकमेकांच्या चुका हसून सांगायच्या. ती अजून आहे, पण डिसेंबर २०१४ मध्ये स्कॉटलंडने गाडी चालवणाऱ्यांसाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ८० मिलिग्रॅमवरून ५० वर आणली. रस्त्यांसाठी ते चांगलंच झालं, त्यात वादच नाही. पण खेड्यातला रिंक, रात्री बस नाही, म्हणजे एक तर कॉफी नाहीतर सरळ घर. त्यात २०२२ नंतर विजेची बिलं भडकली. बर्फ गोठवून ठेवायला वीज किती लागते ते वेगळं सांगायला नको. रिंक चालवणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सभासद आधीच कमी होत चाललेले, त्यात पंचविशी-तिशीचे आणखी कमी. नोकरीसाठी ग्लासगो, लंडन, कुठे कुठे गेलेले.

रिंक बंद पडला की काय जातं? खेळायला दुसरीकडे पन्नास किलोमीटरवर जाता येतं. एखाद्या गावचा क्लब मात्र तसा हलवता येत नाही. त्याचं वार्षिक जेवण, त्याची जुनी पदकं, त्याचं कोर्ट, कोर्टात माय लॉर्ड व्हायची लायकी असलेला तो एक विनोदी म्हातारा, हे सगळं त्या गावाचं. कोर्ट भरवायला किमान एक तरी असा माणूस लागतो ज्याला सगळे विधी पाठ आहेत. बरंचसं तोंडी चालत आलेलं. तो गेला आणि मागे कुणी नसलं, तर शब्द पुस्तकात राहील, मजा राहणार नाही.

काही क्लबांनी मात्र जिद्द सोडलेली नाही. दौऱ्यांची परंपरा टिकून आहे. १९०२-०३ च्या हिवाळ्यात पाद्री जॉन केर यांच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडची टीम बोटीने कॅनडाला गेली. तेव्हापासून स्ट्रॅथकोना कपसाठी ठराविक वर्षांनी एकमेकांकडे जाणं-येणं चालू आहे. कप हे निमित्त, खरा कार्यक्रम जेवणावळींचा. हेच केर, ज्यांनी १८९० मध्ये कर्लिंगचा जाडजूड इतिहास लिहिला. मॉन्ट्रियलमध्ये तर स्कॉटिश व्यापाऱ्यांनी १८०७ मध्येच क्लब काढला होता. जिथे स्कॉट गेला तिथे दगड गेला, दगडामागे टेबल गेलं.

दगडावरून आठवलं. ऑलिंपिकमधले दगड मॉख्लिन गावातली केज ही कंपनी बनवते, १८५१ पासून दगड घडवणारी. ग्रॅनाइट येतो समुद्रातल्या एल्सा क्रेग नावाच्या निर्मनुष्य बेटावरून. किनाऱ्यावरच्या गर्व्हन गावातून बोटीने बेटाला फेरी मारता येते. पफिन पक्षी बघायला लोक जातातच, तुम्ही ग्रॅनाइटच्या जुन्या खाणीही बघा. मॉख्लिन म्हणजे बर्न्सचंही गाव, त्यामुळे एका दिवसात दोन्ही उरकता येतं.

स्वतः हात मारून बघायचा असेल तर एडिंबराचं मरेफिल्ड, स्टर्लिंगचं द पीक, किनरॉस अशा ठिकाणी नवख्यांसाठी ‘ट्राय कर्लिंग’ सेशन असतात. स्टर्लिंगच्याच रिंकवर २०१७ पासून नॅशनल अकॅडमी आहे, म्हणजे शेजारच्या पट्टीवर एखादा ऑलिंपिकवाला प्रॅक्टिस करताना दिसला तर दचकू नका. सीझन सप्टेंबर ते मार्च, बुकिंग आधी करा. दगड आणि ब्रश तिथेच मिळतात. अंगात सैलसर, ताणता येणारी पँट आणि गरम जॅकेट, पायात स्वच्छ कोरडे स्पोर्ट्स शूज. जीन्स घालून गुडघा टेकवायला गेलात तर दंड तुमचा तुम्हीच भराल.

एक टिप फुकट. सेशन संपल्यावर लगेच टॅक्सी बोलावू नका. खेळण्याआधी सगळ्यांशी हात मिळवायचा आणि नंतरही. समोरच्याचा दगड चुकला तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. मग वरच्या मजल्यावर किंवा शेजारच्या बारमध्ये, काचेतून बर्फ दिसेल अशा टेबलाशी बसायचं आणि बाजूच्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना सहज विचारायचं, तुम्हाला कोर्टात कधी बनवलं? पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. मुख्य गोष्ट मात्र ते सांगणार नाहीत, त्याच्या आजूबाजूचं सगळं सांगतील. आणि मॅच तुम्ही जिंकली असेल तर पाकीट वरच्या खिशात ठेवा, पहिला राउंड तुमचा आहे.